कोंडा कुणाचा

बी.ए. झालेल्या माणसानं भाताची गिरणी चालवावी याचं लोकांना जेवढं आश्चर्य वाटलं, तेवढं मला कधी वाटलं नाही. हिर्डोशीच्या खोऱ्यातला मी पहिला पदवीधर. हे मी फार वेळा सांगतो असं घरचे म्हणतात. पण ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणाला सही करता येत नव्हती, त्यानं ते सांगू नये तर कुणी सांगावं?

वडील भाटघरच्या धरणावर दगड वाहायला होते. धरणाचं काम चालू असताना मी शाळेत जायला लागलो, आणि पाणी अडल्यावर काही वर्षांनी पुण्याला कॉलेजात गेलो. धरणावरच्या पंपाच्या इंजिनाभोवती लहानपणी घुटमळत असे म्हणून इंजिन कळत होतं. कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं होतं म्हणून जगही कळतं असा समज होता. या दोन विद्यांच्या जोरावर मी नसरापूरच्या पेठेच्या टोकाला चौदा वर्षं भात कांडलं. तेवढ्या काळात इंजिनानं मला दोनदा भाजलं आणि अर्थशास्त्रानं एकदा. इंजिनाचे डाग दंडावर आहेत, कुणालाही दाखवतो. दुसऱ्याबद्दल आजवर कुठं बोललो नाही.

सुरुवात कॉलेजातून करायला हवी. शेवटच्या वर्षाला आमचे एक प्राध्यापक तासाला येत आणि पुस्तक मिटून ठेवून बोलत. ते म्हणत, वस्तूला किंमत येते ती टंचाईमुळे. हवा कुणी विकत नाही, कारण ती सगळ्यांना पुरून उरते. उद्या यंत्रं इतकं पिकवतील, इतकं विणतील, की धान्य आणि कापडसुद्धा हवेसारखं होईल. मग मालक कशाचा आणि मजूर कशाचा? माणूस दिवसाचे दोन तास काम करील आणि उरलेला वेळ त्याचा स्वतःचा. एवढं बोलून त्यांनी वर्गाला विचारलं, "त्या वेळात तो काय करील?"

पुण्याची मुलं म्हणाली, वाचन करील, गायन शिकेल, बाग फुलवील. माझ्या डोळ्यांपुढं माझी आई होती. मी म्हणालो, "झोपेल."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "तेही काही कमी नाही," म्हणाले.

पास झाल्यावर भोरला संस्थानच्या कचेरीत चिकटावं अशी सगळ्यांची इच्छा होती. त्याच सुमारास नसरापूरच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढून भाताचं यंत्र आणायचं ठरवलं. पंच सात. अध्यक्ष आबा पाटील, अंगानं थोराड, बोलायला तिखट, मनानं वाईट नव्हे. त्यांना इंजिन चालवणारा हवा होता आणि मंडळीचा पत्रव्यवहार करणाराही हवा होता. एका माणसात दोन्ही मिळतंय म्हटल्यावर त्यांनी मला सोडलं नाही. यंत्र शेतकऱ्यांच्या सामाईक मालकीचं, मधे सावकार नाही, व्यापारी नाही. मला वाटलं, सर सांगत होते तो काळ नसरापुरात उतरतोय आणि त्याचा पट्टा चढवायला देवानं मला नेमलंय.

वडील एवढंच म्हणाले, "गिरनीच फिरवायची व्हती तर येवडं लांब कशापायी गेलास? पुन्याला काय येगळा तांदूळ निगतो?"

ज्यांनी तांदूळ दुकानातच पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भाताच्या दाण्याला वरून टरफल असतं, ते तूस. तूस काट्यासारखं खरखरीत, जनावर तोंड लावत नाही. त्याच्या खाली दाण्याला चिकटलेली तांबूस मऊ साल असते, ती निघते तो कोंडा. दुभत्या म्हशीला कोंड्यासारखं दुसरं खाणं नाही. कांडताना मोडलेले तुकडे ती कणी. उरतो तो तांदूळ. हे सगळं उखळात मुसळानं व्हायचं, आणि पेठेतल्या बऱ्या घरांतून ते कांडपिणी करायच्या. रीत अशी की धन्याचा तांदूळ, कांडपिणीला थोडी कणी आणि कोंडा सगळा. कोंडा कांडणारीचा, हे बोलून दाखवायचीही गरज पडत नसे.

माझ्या यंत्रात ओतलेलं भात एका लोखंडी नळकांड्यात जायचं. आत दातेरी रूळ फिरायचा, बाजूला एक पातं, खाली जाळी. पुढून तांदूळ पडे, जाळीतून बाकीचं. इंजिन सुरू करायला त्याचं डोकं बत्तीनं लाल होईपर्यंत तापवायचं आणि मग दोघांनी मिळून मोठं चाक फिरवायचं. एकदा लागलं की पुक् पुक् आवाज शिवगंगा नदीच्या पलीकडं ऐकू जाई. दोन बायांनी दिवसभर कांडावं तेवढं भात मी विडी ओढून होईपर्यंत काढत असे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. वेल्ह्याकडून एक म्हातारे धनगर नाचणीचं पोतं घेऊन आले. नाचणीला हे यंत्र नाही म्हटलं तर रागावले. "मंग कसलं रं तुजं मशीन? बामनाचा तांदूळ कांडतंय आन् गरिबाची नाचनी न्हाई?" दुसरे एकजण आंबेमोहर घेऊन यायचे आणि यंत्रापुढं हात जोडून उभे राहायचे. आंबेमोहरचा दाणा नाजूक, रुळाखाली फार मोडतो, म्हणून मला वाटायचं त्याची काळजी. तसं नव्हतं. त्यांना वाटे की आत देव बसलाय. पदवीबद्दलही लोकांना कुतूहल. एकानं विचारलं, बीए म्हंजे साताऱ्याकडचं गाव का? पुढं मला सगळेच बीए म्हणू लागले, नाव मागं पडलं.

तानाबाईंची ओळख यंत्राच्या पहिल्याच दिवशी झाली. पेठेत सात कांडपिणी होत्या, त्यांतल्या त्या वडीलधाऱ्या. नवरा गेलेला, मुलगा मोटारीवर हमाली करी, घरात सून हौसा. घर चालत होतं ते एका म्हशीवर. कांडपाच्या कोंड्यावर म्हैस, म्हशीचं दूध सातारच्या सडकेवरच्या चहाच्या हॉटेलात. पहिल्या घाण्याला नारळ फोडताना मी मुद्दाम या सातजणींना पुढं बोलावलं होतं. माझ्या मते यंत्र त्यांच्यासाठी आलं होतं. मी छोटंसं भाषणही केलं. आता मुसळं ठेवा, विसावा घ्या, वगैरे.

तानाबाईंनी पांढराशुभ्र तांदूळ हातात घेऊन पाहिला, परत ठेवला. मग म्हणाल्या, "बसायला न्हाई म्हनत न्हाई म्या. बसलेल्या मानसाला वाढतंय कोन, तेवडं सांगा."

लोक हसले. मीही हसलो. पण रात्रीपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, कारण सरांच्या सगळ्या व्याख्यानांत त्याचं उत्तर नव्हतं.

महिन्याभरात पेठेतली उखळं बंद पडली. मग मला सुचलं. पंचांच्या सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "यंत्र या सात बायांचं काम करतंय. तेव्हा त्यांना जे मिळत होतं ते मिळत राहिलं पाहिजे. गिरणीचा कोंडा त्यांना द्यावा."

आबा पाटील म्हणाले, "म्हंजे काम मशीननं करायचं आन् खायचं बायांनी?"

"होय."

"हे पुन्यात शिकिवत्यात?"

"शिकवतात."

"मंग बरंच हाय की पुनं," आबा म्हणाले, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

इतक्या सहज मंजूर झाला याचं मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं ते कौतुक. आपल्या पंचांना भविष्य दिसतंय असं वाटलं. खरं कारण असं की जाळीखालच्या त्या भुकटीचा सगळ्यांना वैताग आला होता. ती डोळ्यांत जायची, ओढ्यात टाकली की खालच्या वाडीवाले भांडायला यायचे. सात बाया ती उचलून नेत असतील तर कुणाची हरकत? मी मात्र सरांना चार पानी पत्र लिहिलं. यंत्राचं उत्पन्न ज्यांचं काम यंत्रानं घेतलं त्यांना पोचतंय, असा जगातला पहिला प्रयोग बहुधा आमच्याकडंच, वगैरे. सरांचं कौतुकाचं उत्तर आलं. ते मी चौकटीत लावणार होतो.

दहाव्या दिवशी तानाबाई टोपली घेऊन आल्या आणि ती त्यांनी माझ्या पुढ्यात, ओट्यावर उपडी केली.

"हात घाला."

घातला.

"चोळा."

चोळला. तळहात खाजायला लागला.

"आता जिबंवर ठिवा. ठिवा की! बीए झालाय न्हवं?"

ठेवलं. वाळू चावल्यासारखं कचकचलं.

"माज्या म्हशीनं हे आट दिस खाल्लंय. तीन दिस झालं रवंथ न्हाई तिचं. पोट बगा येऊन, नगाऱ्यावानी झालंय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ह्यो कोंडा न्हाई. तूस दळलंय तुमी. आमी दोनदा कांडतो ते काय हौस म्हून?"

इथं माझ्या शिक्षणातलं भोक मला दिसलं. माझी आई जन्मभर भात दोनदा कांडत आली होती. आधी हलक्या हातानं, तूस सुटेपर्यंत. मग पाखडून तूस बाहेर. मग पुन्हा कांडून, म्हणजे सडून, कोंडा वेगळा. मी ते रोज पाहिलं होतं आणि मला वाटे, तो अडाण्यांचा वेळ घालवायचा प्रकार. यंत्र एकाच दमात सगळं करतं हीच त्याची थोरवी समजत होतो. एका दमात सगळं केलं की तूस आणि कोंडा एकत्र दळून निघतात, हे कळायला म्हैस आजारी पडावी लागली. मी वाटा मिळवून दिला होता, पण वाट्यात काय आहे ते चाखलं नव्हतं.

म्हैस वाचली. वर सांगितले ते म्हातारे धनगर येऊन तिला तेल पाजत बसले, चौथ्या दिवशी ती रवंथ करायला लागली. पण आटली ती पुढच्या वेतापर्यंत. हॉटेलवाल्यानं दूध दुसऱ्याकडून घ्यायला सुरुवात केली. तानाबाईंनी ते पाच-सात महिने कसे काढले हे मी विचारलं नाही. हौसा भाटघरच्या बाजूला लोकांच्या शेतात भांगलायला जाताना दिसायची.

मी यंत्र खोललं. पातं मागं घेऊन भात एकदा हलकं काढायचं, मग सुपानं पाखडून तूस घालवायचं, मग पातं जवळ आणून दुसऱ्यांदा काढायचं. जाळीतून जे पडलं ते पिवळसर, मऊ, किंचित तेलकट, हुंगलं तर गोड. सातजणींना बोलावलं. तानाबाईंनी चिमूट तोंडात टाकली आणि पहिल्यांदा मला अरेतुरे केलं. "आता कसं? लेका, ह्यो खरा कोंडा."

पाखडायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं, कारण कोंडा त्यांचाच होता. गिरणीमागच्या खळ्यात सात सुपं वाऱ्यावर चालायची. तेल दुप्पट जळतं म्हणून पंच कुरकुरले, पण तांदूळ कमी मोडायला लागला तसे गप्प बसले. माझ्या नोकरीतली ती दोन वर्षं सर्वांत चांगली. तानाबाईंची म्हैस व्यायली, हॉटेलवाला आपण होऊन दारात आला. सूप चालवता चालवता त्या माझी उलटतपासणी घ्यायच्या.

"तुजा त्यो मास्तर काय म्हनतो? समद्यास्नी समदं मिळनार?"

"होय मावशी. यंत्रं इतकं करतील की कुणाला काही कमी पडणार नाही."

"मंग शेजारनीशी भांडायचं कशावरनं?"

मी पट्टा बघायला उठलो.

दुसरं वर्ष सरता सरता पुण्याचा एक गवळी बाजाराच्या दिवशी गिरणीत डोकावला. मूठभर कोंडा चोळून पाहिला, वास घेतला, आणि आबा पाटलांचं घर कुठं म्हणून विचारलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आठवड्यानं सभा भरली. आबा म्हणाले, कोंड्याला पुण्यात मागणी आहे, मंडळीचा माल आहे, मंडळीनं विकावा. बायांना पाखडायची मजुरी देऊ.

"पण ठराव झालेला आहे," मी म्हणालो.

"त्यो ठराव कोंड्याचा न्हवं, कचऱ्याचा व्हता," आबा म्हणाले. "तवा कचरा व्हता, दिला. आता माल झाला. आन् माल केला कुनी? तुमीच की, बीए!"

सभेत मी बोलायला उभा राहिलो की थांबत नसे. त्या दिवशी बसलो. मी अर्थशास्त्राचा पदवीधर, आणि फुकट मिळतं ते फक्त नको असलेलं, हे मला आबांनी शिकवलं. कोंडा चांगला करून मी तो तानाबाईंच्या टोपलीतून काढून घेतला होता.

बायांनी भाषण केलं नाही. पुढच्या बाजारी वेल्ह्याच्या, भोरच्या गाड्या गिरणीपुढं लागल्या, पहिला घाणा निघाला, अर्धवट सोललेल्या भाताचा ढीग खळ्यात पडला. सातजणी आल्या, सुपं पालथी घातली आणि त्यांवर बसल्या. गाड्या वाढत गेल्या. गाडीवाले आधी बायांना बोलले, मग मला, मग पंचांना. बैल सोडून लोक आबांच्या ओसरीवर गेले. दुपारी आबा स्वतः आले.

"तानाबाई, हे काय आरंबलंय?"

"आमी कुटं काय आरंबलंय पाटील? बसलोय. बसा, म्हनून सांगितलं व्हतं न्हवं मशीन आलं तवा? बीएनं भाशान केलं व्हतं की."

गाडीवाल्यांत हशा पिकला. आबाही हसले, त्यांना हसू लपवता येत नसे. त्याच जागी ठरलं की जोवर बाया पाखडतील तोवर कोंडा बायांचा. मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. हा विजय माझ्या तत्त्वाचा नव्हता. जिथं हात लागत होता तिथं त्यांनी हात उचलून घेतला होता, एवढंच.

पंचांनाही ते समजलं होतं. त्यांनी वाऱ्याचा पंखा मागवला. यंत्राला जोडायचा, तूस आपोआप उडवून लावणारा. लढाईचे दिवस, तेल चिठ्ठीवर, लोखंडाची टंचाई. पंखा यायला दीड वर्ष लागलं. दरम्यान तानाबाईंचा खांदा धरला. पुष्कळदा हौसाच त्यांच्या जागी सूप चालवायची, पण पाखडणाऱ्या बायांच्या यादीत नाव सासूचंच होतं, आणि आम्हीही ते कधी बदललं नाही.

पंखा लाकडी खोक्यातून आला. तो बसवणं माझं काम. खोकं उघडून मी सगळे भाग मांडले, आणि ज्या लहान चाकावर पट्टा चढतो ती पुली उचलून तुसाच्या ढिगात खोल पुरून ठेवली. पंचांना सांगितलं, एक भाग आलेला नाही, कंपनीला लिहितो. लिहिलं नाही. यंत्रांनी माणसाला मोकळं करावं म्हणून गिरणीत आलेला मी, सात बायांचं काम टिकावं म्हणून यंत्राचा भाग लपवत होतो. मी खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती होती, त्यामुळे खोटं छान खपलं. चार-पाच महिने गेले. आबा विचारत, "आली का वो तुमची पुली?" मी म्हणे, "लढाई आहे आबा."

एके दिवशी तानाबाई चुलीत घालायला तूस भरून न्यायला आल्या. परतताना ओट्यावर माझ्यासमोर बसल्या आणि पदराखालून पुली काढून ठेवली.

"ही तुजीच न्हवं?"

मी इकडंतिकडं पाहिलं. "मावशी, ही बसली तर तुमचं काम जाईल."

"जाऊ दे की."

"आणि कोंडा?"

"त्ये तू बग. बीए तू हायेस." त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. खांद्यापर्यंतसुद्धा आला नाही. "हे बग. तूस जाऊन जाऊन डोळं गेलं. पाखडायची मला काय हौस हाय व्हय रं? का हौसाला हाय? तुला वाटलं, ह्या बायांस्नी कामाची लई माया. काम त्या पंक्याला दे. कोंडा आमाला दे. येवडं सोपं तुज्या मास्तरला न्हाई कळलं?"

पुली तिथंच ठेवून त्या तुसाची पाटी डोक्यावर घेऊन गेल्या. सरांनी वर्षभर जे सांगितलं ते त्यांनी पाटी उचलता उचलता सांगितलं होतं, आणि मी मधल्या काळात ते विसरून भलतंच राखत बसलो होतो.

पुढच्या सभेत मी पुली टेबलावर ठेवली आणि सरळ सांगितलं, "ही हरवली नव्हती. मी पुरली होती. कोंड्याचा ठराव आज केलात तर उद्या पंखा बसवतो. नाहीतर पुली तुमची, दुसरा माणूस बघा."

 एका पंचानं माझ्यावर फिर्याद करावी असं सुचवलं. आबा पुली हातात घेऊन फिरवत होते.

"म्हंजे आता काम बी न्हाई करायचं, आन् कोंडा बी न्यायचा?"

"यंत्र आलं तेव्हा मी हेच म्हणालो होतो."

"तवा तुमी पोरगं व्हता." मग ते म्हणाले, "किती वर्सं? पिढीजात का? उद्या त्यांची लेकरं, परवा नातवंडं. मंडळी काय धर्मशाळा हाय?"

सभा हातातून जात होती. तेव्हा मी एक शब्द काढला. तो शब्द माझाच होता, कुणी सुचवला नव्हता. मी म्हणालो, "पिढीजात नको. या सातजणींच्या हयातीपर्यंत."

आबांनी सातजणींची वयं मनात धरली असावीत, कारण त्यांचा चेहरा सैल झाला. ठराव झाला. माझी नोकरीही राहिली. एका शब्दात सभा फिरवली म्हणून घरी जाताना मी छाती काढून चाललो होतो.

पंखा बसला. तूस आपोआप उडून भिंतीपलीकडं पडायला लागलं. सातजणींच्या टोपल्या जाळीखाली आळीपाळीनं लागत. तानाबाई सकाळचं आवरून गिरणीच्या ओट्यावर येत, पाय पसरून भिंतीला टेकत आणि बसत. काही करत नसत. नुसतं बसून माझ्या यंत्राला नावं ठेवत. पट्टा ढिला हाय. आवाज आज येगळा येतोय. आंबेमोहर येवडा जोरात काडत्यात व्हय? कधी बोलता बोलता त्यांना तिथंच डुलकी लागे आणि इंजिनाच्या त्या पुक् पुक्‌मध्ये त्यांची मान हलके हलके हलत राही. सरांनी सांगितलेला काळ मी उभ्या आयुष्यात तेवढाच पाहिला. एका ओट्याएवढा. आणि वर्गात दिलेलं माझं उत्तर बरोबर निघालं होतं.

अडीच-तीन वर्षं हे चाललं. मग संस्थान विलीन व्हायच्या गोष्टी सुरू झाल्या त्या हिवाळ्यात तानाबाई गेल्या. दोन दिवस अंगात ताप होता, तिसऱ्या दिवशी गेल्या. गिरणी त्या दिवशी बंद ठेवली, ते आबांनीच सांगितलं.

तेराव्यानंतर हौसा आली. त्यांचीच टोपली काखेत. जाळीखाली टोपली लावायला ती वाकली आणि मला तिला थांबवावं लागलं. ठराव तिला वाचून दाखवला. 'हयातीपर्यंत' या शब्दाचा अर्थही सांगितला. ती उभी राहून ऐकत होती. तिनं पाखडलेलं भात मी स्वतः दुसऱ्यांदा यंत्रात ओतलं होतं, एकदा नव्हे, शेकडो वेळा. ते ठरावात कुठंच नव्हतं.

सगळं ऐकून झाल्यावर तिनं यंत्राकडं पाहिलं. रूळ फिरत होता, पंखा फिरत होता, कोंडा जाळीतून सारखा पडत होता.

"भावजी," ती म्हणाली, "आत्याबाई गेल्या. पर मशीन काय म्येलं न्हाई न्हवं?"

बी.ए.च्या परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी चार पानं लिहिली असती.  तिथं मी तिच्या हातातून टोपली घेतली, जाळीखाली लावली, काठोकाठ भरून तिच्या डोक्यावर दिली. त्या एका दिवसापुरतंच माझ्या हातात होतं. दुसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, कोंडा कमी कसा? मी खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता पुरं, बीए. शबुद तुमचाच हाय."